पालकांना शाळेत आणायचं तर आधी त्यांच्या कामाच्या वेळा विचारा

वही घरोघरी फिरवून सह्या घेतल्या की कागदावर पालकसभा होऊन जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांना हे नवीन नाही. पालक येत नाहीत म्हणून गुरुजी कुरकुरतात, पण सभा सकाळी अकराला ठेवल्यावर येणार तरी कोण?

म्हणून सुरुवात यादीपासून करा. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी कोण काय काम करतं आणि कधी मोकळं असतं, ते लिहून काढा. बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या बापाची शिफ्ट असते, वडगावात माग चालू असतो, निपाणीत आई विड्या वळत असते. खानापूर भागात जुलैत रोप लावण सुरू झाली की सभेचं नावही काढू नये. यादी झाली की वेळ आपोआप सुचते. बहुतेक ठिकाणी ती संध्याकाळची निघते. गुरुजींना शेवटची बस चुकायची धास्ती असते हे खरं, पण महिन्यातून एकदा जमवता येतं.

मग बोलावणं. छापील नोटीस दप्तरातच चुरगळते. त्यापेक्षा मुलाकडूनच चिठ्ठी लिहून घ्या: ‘आई, शुक्रवारी साडेपाचला ये. मी धडा वाचून दाखवणार आहे.’ अक्षर वाकडं, वेलांटी चुकलेली, तरी राहू द्या. ती चिठ्ठी घरात सगळे वाचतात.

सभेत आधी मुलांना वाचू द्या, भाषणं नंतर. वर्गणीचा विषय पहिल्या सभेत अजिबात नको. पुढच्या वेळी निम्मी माणसं गळतात. शिष्यवृत्तीची परिपत्रकं कन्नडमधून येतात, ती मराठीत समजावून सांगा. कन्नड शाळेत शिकलेली एखादी सून गल्लीत असतेच. तिला पुढे बसवा. अर्ज भरायला तिची मदत होते, आणि मुलांच्या कन्नडच्या अभ्यासालाही.

आता खरं काम. नुसतं ‘सहकार्य करा’ म्हटलं तर कुणी हलत नाही. ठरावीक काम ठरावीक माणसाला द्यावं लागतं. अक्षर दासोहपासून, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणापासून, सुरुवात सोपी. आठवड्याला दोन पालकांची पाळी लावा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असा हिशेब आहे. तेव्हा हजेरी बघायची, डाळ मापून घेताना उभं राहायचं, मुलांच्या आधी सांबार चाखायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. एवढंच. स्वयंपाकाच्या अक्कांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना ती पाळत वाटते आणि पहिल्याच दिवशी भांडण. पाळीला आलेल्याने दोन भाज्या निवडून दिल्या की बोलणं आपसूक सुरू होतं.

एसडीएमसीचं, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीचं, थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेच्या अशा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. बायकोच्या नावावर नवरा खुर्चीत बसलेला दिसला तर तिलाच बोलवून आणा, तिच्यासमोर विषय वाचा.

संक्रांत ते रथसप्तमी हा आयांना जमवायचा उत्तम काळ. फक्त हळदीकुंकू म्हणू नका, तिळगूळ म्हणा. हळदीकुंकू म्हटलं की विधवा आई घरीच राहते, आणि तिच्या मुलाची चौकशी तर आधी करायला हवी.

राहिले गोव्याला कामाला गेलेले बाप. त्यांना एरवी फोनवर मुलाचं वाचन ऐकवा. चतुर्थीला आणि शिमग्याला ते गावी येतात. त्यांच्यात कुणी वायरमन असतो, कुणी गवंडी. पंखा, नळ, फुटकी कौलं यांची यादी आणि सामान आधीच तयार ठेवा. शिमग्याला कौलं फिरवून घेतली की पावसाआधीचं काम उरकतं. सामान आणायलाच दोन दिवस लावलेत तर तोवर त्यांनी परतीची गाडी धरलेली असते.