खानदेशात रहस्यकथा घडवताय? या चुका टाळा

भुसावळ, मे महिना, दुपारचे तीन. पत्र्याच्या खोलीत प्रेत पडलेलं. इन्स्पेक्टर कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "अंग अजून गरम आहे, खून तासाभरात झालाय." दिवाळी अंकाच्या कथांत आणि शॉर्टफिल्मच्या संहितांत असं वाक्य आलं, की इथला वाचक तिथेच थांबतो.

जिवंत माणसाचं अंग ३७ अंशांच्या आसपास असतं. मृत्यूनंतर ते भोवतालच्या हवेइतकं होऊ लागतं. लंडनच्या थंडीत त्यामुळे ते गार पडतं. भुसावळला पारा ४५ च्या घरात असताना, तापलेल्या पत्र्याखाली ते गार पडेलच कसं? आदल्या रात्रीचं प्रेतसुद्धा दुपारी हाताला गरम लागेल. अंगाचा ताठरपणाही उन्हाळ्यात लवकर येतो आणि लवकर उतरतो. म्हणजे तुमच्या कथेतली सगळी वेळ चुकली, आणि वेळ चुकली की संशयितांचे जबाबही कोसळले.

यावर उपाय दोन. एक तर घटना पौष महिन्यात न्या, तेव्हा खानदेशातली थंडीही कडाक्याची असते. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. हा उन्हाळाच खुन्याच्या हातात द्या. अंग गरम राहील, वेळेचा घोळ होईल, हे त्याला ठाऊक आहे. तपासी अंमलदाराने मग वेळ दुसऱ्या खुणांवरून काढायची. पोटात न पचलेलं भरीत, दारात तशीच पडलेली दुधाची पिशवी, शेवटचा फोन. आणि शेतातला खून असेल तर लाइट. शेतीपंपाला थ्री फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात मध्यरात्री बांधावर माणूस दिसणं हा संशय नसतो, तो पाणी भरायला आलेला असतो. पण लाइट नसताना "मी मोटर चालू करायला गेलो होतो" असं कोणी म्हणाला, तर गावातलं पोरगंही त्याला पकडेल. असा धागा परदेशी कादंबरीत सापडणार नाही.

विषाची घाई

कपाशीच्या पट्ट्यात कीटकनाशक घरोघरी असतं, म्हणून लेखक ते सरळ चहात टाकून मोकळे होतात. यातल्या पुष्कळ औषधांना उग्र वास असतो, आणि ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या औषधांची लक्षणं लपत नाहीत: तोंडाला फेस, दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. धोत्र्याचं नेमकं उलटं. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, माणूस बरळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला हा फरक बघताक्षणी कळतो. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधखान्यात काम करत होत्या, त्यांच्या पुस्तकांतली विषं पटतात ती त्यामुळे. आपण निदान तालुक्याच्या डॉक्टरांशी अर्धा तास बोलून घ्यावं. आणि व्हिसेराचा, म्हणजे शवविच्छेदनात काढून ठेवलेल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल संध्याकाळपर्यंत मागवू नका. तो प्रयोगशाळेतून यायला बराच काळ जातो, आणि त्या प्रतीक्षेत कथेला चांगली जागा मिळते.

ठाण्यातल्या चुका

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना पोलीस आयुक्त नाहीत, पोलीस अधीक्षक आहेत. खुनाच्या तपासात स्थानिक गुन्हे शाखा उतरते, जिला सगळे एलसीबी म्हणतात. कोणत्याही खुनाला मुंबईहून सीबीआय धावून येत नाही. प्रेत सापडलं की अनेकदा आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, खुनाचा गुन्हा नंतर दाखल होतो. त्या मधल्या वेळात किती पुरावा नाहीसा होऊ शकतो, याचा विचार करा. गावात पहिली खबर पोलीस पाटलाला लागते, आणि आपल्या कथांत तो जवळजवळ नसतोच. मला तर तो खासगी गुप्तहेरापेक्षा कितीतरी खरा नायक वाटतो. खासगी गुप्तहेराला आपल्याकडे अटकेचे कसलेही विशेष अधिकार नाहीत.

कलमंही तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३ लागतं, ३०२ नाही. गुन्ह्याची तारीख आधीची असेल तर मात्र ३०२ च.

सगळ्यात मोठी चूक कबुलीची. पडद्यावर दोन कानाखाली बसतात, आरोपी रडतो, प्रकरण संपतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. चालतो तो एवढाच भाग, ज्यातून एखादी वस्तू सापडते. म्हणून खरा प्रसंग असा लिहा: दोन पंच, लिहून घेणारा हवालदार, आणि आरोपी सगळ्यांच्या पुढे चालतोय. पाटचारीच्या कडेला तो थांबतो, बोटाने जागा दाखवतो, चिखलातून कोयता निघतो. कोणी ओरडत नाही. पंच सह्या करतात. या निवेदन पंचनाम्यात जो ताण आहे, तो शंभर थपडांत नाही.

नकाशा आणि माणसं

जळगावहून नंदुरबारला जाणारी गाडी अमळनेर, दोंडाईचा मार्गे सुरतच्या वाटेने जाते, भुसावळ उलट्या दिशेला. नवापूर स्थानक तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. हद्दीच्या वादासाठी याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. सातपुड्यातल्या पाड्यावर टॉवर लोकेशनने घर सापडलेलं दाखवू नका. टॉवर विरळ असले की एकेकाच्या आवाक्यात कितीतरी शिवारं येतात. सगळ्यांच्या तोंडी अहिराणीही घालू नका. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, डोंगरात पावरी आणि भिली.

आणि एक चूक मला खरंच संताप आणते. वस्तीवरचा पारधी किंवा डोंगरातला भिल्ल दिसला की तोच चोर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मानेच गुन्हेगाराचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो पुसला. कथेत तो पुन्हा मारायचा अधिकार आपल्याला नाही. चुकीच्या संशयाचा बळी म्हणून दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण मग त्याच्या घरात जाऊन लिहा.

शेवट पटत नसेल तर

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक म्हणजे, गुप्तहेराला जो धागा सापडेल तो वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. शेवट ओढूनताणून वाटतो तेव्हा बहुतेकदा मुख्य धागा शेवटच्या प्रकरणातच पहिल्यांदा आलेला असतो. कागदाच्या एका बाजूला खुन्याची खरी रात्र तासातासाने लिहा, दुसऱ्या बाजूला ती वाचकाला कोणत्या पानावर दिसते ते लिहा. जिथे जागा रिकामी, तिथे मागे जाऊन पेरा. समजा खुनी केळीच्या बागेतून पळाला. केळीचा चीक कपड्याला लागला की तपकिरी काळा डाग पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. तो डाग तिसऱ्या प्रकरणात हळदीच्या कार्यक्रमात दाखवा, बायको सदरा का टाकून दिला म्हणून कुरकुरतेय अशा बोलण्यात. रावेरचा वाचक तिथेच सावरून बसेल, आणि पुण्याच्या वाचकाला शेवटच्या प्रकरणात ते पान पुन्हा उघडावं लागेल.