इंग्रजीतील गोंधळात टाकणारी क्रियापदे : मराठी व्याकरणाच्या आधाराने कशी ओळखावीत

इंग्रजीतील काही क्रियापदांच्या जोड्या मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अनेक वर्षे छळतात, आणि बहुतेक मार्गदर्शक पुस्तके त्या केवळ पाठ करायला सांगतात. माझ्या मते हा मार्ग लांबचा आहे, कारण यांपैकी बऱ्याच जोड्यांमधला भेद आपली मराठी आधीपासूनच पाळत असते.

सर्वांत अवघड जोडी 'लाय' आणि 'ले' ही आहे. 'लाय' म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे, तर 'ले' म्हणजे एखादी वस्तू नीट ठेवणे. कोंबडी अंडी घालते तेव्हाही 'ले' हेच क्रियापद येते. खरी अडचण भूतकाळात येते, कारण 'लाय'ची रूपे लाय–ले–लेन अशी होतात आणि 'ले'ची ले–लेड–लेड अशी होतात. म्हणजे एकाचा भूतकाळ हाच दुसऱ्याचा वर्तमानकाळ असतो. अशा वेळी मनातले वाक्य तृतीय पुरुषी भूतकाळात मराठीतून म्हणून पाहावे. 'ती आडवी झाली' यात कर्त्याला 'ने' लागत नाही, म्हणून 'शी ले डाउन'. 'तिने पुस्तक टेबलावर ठेवले' यात 'ने' लागतो आणि कर्मही आहे, म्हणून 'शी लेड द बुक ऑन द टेबल'. 'मी' किंवा 'तू' घेऊन ही कसोटी लावू नये, कारण तिथे 'ने' दिसत नाही. शिवाय शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही 'ने' घेत नाहीत, म्हणून शंका आल्यास 'काय?' असा प्रश्न विचारून कर्म आहे का, हेही तपासावे. खोटे बोलणे या अर्थाचा 'लाय' मात्र वेगळा आहे आणि त्याचा भूतकाळ 'लाइड' असा साधा होतो.

'राइझ' आणि 'रेझ' यांनाही हीच कसोटी लागते. किमती वाढल्या तर 'रोझ', दुकानदाराने वाढवल्या तर 'रेझ्ड'.

'सी' आणि 'लुक', तसेच 'हिअर' आणि 'लिसन' यांच्या बाबतीत 'मला' आणि 'मी' यांतला फरक पाहावा. 'मला दिसले', 'मला ऐकू आले' असे आपोआप घडते तेव्हा साधारणपणे 'सी' आणि 'हिअर' येतात. 'मी बघितले', 'मी कान देऊन ऐकले' अशी मुद्दाम केलेली क्रिया असेल तर 'लुक अॅट' आणि 'लिसन टु' येतात. क्रिकेटच्या सामन्यासारखे काही चालू असताना त्यावर नजर ठेवून पाहायचे असेल, तर 'वॉच' वापरावे. मात्र 'मला डोंगर दिसतो आहे' याचे 'आय अॅम सीइंग' असे शब्दशः रूपांतर करू नये. तिथे 'आय कॅन सी' म्हणावे.

'सांगणे' आणि 'म्हणणे' यांच्याप्रमाणेच 'टेल' आणि 'से' वागतात, परंतु मराठीतला 'ला' इथे चूक करायला लावतो. 'त्याने मला सांगितले' याचे 'ही टोल्ड टु मी' होत नाही, 'ही टोल्ड मी' होते. उलट 'से' आणि 'एक्स्प्लेन' यांच्यानंतर ऐकणारी व्यक्ती सांगायची असेल, तर 'टु' लागतोच. उसने देणे म्हणजे 'लेंड' आणि उसने घेणे म्हणजे 'बॉरो', एवढे लक्षात ठेवले की ती जोडी संपते.

'डू' आणि 'मेक' यांच्यापुढे मात्र मराठी हात टेकते, कारण आपल्याकडे दोन्हींना 'करणे' पुरते. नवे काही तयार झाले तर 'मेक' आणि नेमून दिलेले काम पार पाडले तर 'डू', हा ढोबळ नियम सर्वत्र चालत नाही. त्यामुळे 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ डिसिजन', 'डू होमवर्क', 'डू द डिशेस' असे शब्दप्रयोग अखंड स्वरूपातच वहीत उतरवावेत आणि प्रत्येकाचे स्वतःच्या दिनक्रमातले एकेक वाक्य तयार करून ते मोठ्याने म्हणावे.