गाय सारखी उलटतेय? या चुका टाळा

इंदूरजवळच्या राऊकडच्या गोठ्यांत एक वाक्य मी रोज ऐकतो: "गाय परत उलटली, या वेळी कांडी चांगली नव्हती." उलटली म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली; कांडी म्हणजे कृत्रिम रेतनाची वीर्याची नळी. कांडीला दोष देणं सोपं असतं. पण तिसऱ्यांदा उलटलेल्या गाईची नीट चौकशी केली, की गोष्ट बहुतेक वेळा मागच्या वेतापाशी जाऊन थांबते. तेव्हा जंतू शिरून गर्भाशयात दाह झाला असेल तर शुक्रजंतू तग धरत नाहीत, गर्भ रुजत नाही. जंतूंच्या विषाने बीजांडकोशाचंही चक्र बिघडतं आणि माज लांबतो.

वार, म्हणजे वासरामागून पडणारी नाळेची पिशवी, हाताने ओढू नका. इथले ग्वाले तिला जेर म्हणतात. ती साधारण १२ तासांत पडते. २४ तास झाले तरी लोंबत असेल तर अडकली समजा. आमची चंद्री पहाटे व्यायली, संध्याकाळीही वार लोंबतच होती. मी रामबागेत रतीब घालायला गेलो होतो. तेवढ्यात शेजारच्या काकांनी चांगल्या मनाने कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली. आई म्हणाली, "सुटली बिचारी." तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारातच कुजका वास आला. शेपटीला तांबूस-तपकिरी पातळ घाण, ताप १०४, गव्हाणीतला चारा जसाच्या तसा. वार गर्भाशयाला बटणांसारख्या गाठींनी धरलेली असते. ओढली की तुकडे आत राहतात, अस्तर सोलवटतं आणि जंतूंना आयतं घर मिळतं. चंद्रीचा ताप उतरला, पण पुढे ती तीनदा उलटली.

तेव्हापासून मी लोंबणारा भाग तेवढा कापतो, आत हात घालत नाही. दहा दिवस रोज सकाळी थर्मामीटर लावतो; १०३ च्या वर गेला की डॉक्टरांना फोन. वारेला दगड किंवा चप्पल बांधणं हा निव्वळ छळ आहे. आणि वार उचलताना हातमोजे घालाच, गाय गाभडवणारा ब्रुसेला हा जंतुरोग माणसालाही होतो.

सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, न बघता गाय भरवू (रेतन करवू) नका. निरोगी सोट काचेसारखी स्वच्छ असते, तार धरते. मुलाची जुनी काळी पाटी मी गोठ्यात खुंटीला टांगली आहे. सोट तिच्यावर घेतली की पांढरे धागे, पुवाचे कण लगेच दिसतात. दिसले तर तो माज सोडतो आणि उपचार करून घेतो. नव्याने गोठा टाकलेल्यांना हे पटत नाही. "भरवून तर बघू, लागली तर लागली," म्हणतात. पुढच्या माजापर्यंत २१ दिवस थांबायची तयारी नसेल तर गाय पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सोट स्वच्छ असूनही आत छुपा दाह असू शकतो. तो ब्रशने पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

व्यायल्यावर ६० दिवसांच्या आत मी भरवत नाही.

मेडिकलमधून औषध आणून स्वतः गर्भाशयात सोडू नका; ते दुधातही उतरतं.

व्यायची जागा कोरडी ठेवा. दूधताप अंगावर काढू नका, त्यात कॅल्शियम घटतं आणि गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही.

आणि तीनदा उलटली की चौथी कांडी मागवू नका. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, इंदूरहून फार लांब नाही. तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. व्यायल्याची तारीख, वार किती तासांनी पडली आणि प्रत्येक माजाचा दिवस कागदावर लिहून न्या. पहिले प्रश्न तेच असतात.