जुन्या कॅम्पर गाडीची बॅटरी सारखी उतरतीय? नवी घ्यायच्या आधी हे बघा

मागच्या पावसाळ्यात बामणोलीला मुक्काम टाकला अन् सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. साताऱ्यात आल्यावर दुकानदार म्हणला बॅटरी गेली, मी पण लगेच नवी टाकली, आणि पंधरा दिवसात यवतेश्वरच्या घाटात परत तेच. बॅटरी बिचारी ठणठणीत होती, इंजिन ते चासी (गाडीचा सांगाडा) अर्थिंगची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी, आतून सडलेली.

म्हणून आधी मल्टीमीटर (व्होल्ट-करंट मोजायचं यंत्र) घ्या, साधा चालतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काहीच चालू न करता बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, त्याच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, उतरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीच टेस्ट खरी येत नाही. (चार्जिंगला लावल्यावर जवळ बिडी-काडी नको, गॅस निघतो.) मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. 9.6 च्या खाली आपटला तर बॅटरी खरंच म्हातारी झालीय. पण 11 च्या वर टिकतोय आणि तरी सेल्फ मरगळल्यागत फिरतोय, तर करंट वाटेत अडकतोय नाहीतर सेल्फच गेलाय.

आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि परत सेल्फ. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग खराब समजा, माझ्या गाडीत दीड दाखवत होतं! नट खोलून पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासा, रंग-गंज निघून लोखंड चमकलं पाहिजे, पट्टी तुटत आली असेल तर नवीच टाका. खोलताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगच. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा खार गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायचा, सोडा सेलमध्ये जाऊ द्यायचा नाही.

इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट पाहिजे. कमी आलं तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) पट्टा बघा, 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा).

हे सगळं ठीक असून रात्रीत उतरत असेल तर कुठंतरी करंटची चोरी चाललीय. सगळं बंद करून मायनस काढा, मीटर 10 अँपिअरवर टाकून बॅटरीची मायनस खुंटी आणि काढलेल्या वायरच्या मधी लावा, पण सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो. 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतंय, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्यानं आकडा पडला ती लाईन चोर. इन्व्हर्टरची जाड वायर बऱ्याचदा फ्यूजबॉक्समधनं येतच नाही, ती वेगळी सोडवून बघा, जुन्या मालकानं केलेल्या जोडण्या तर विचारूच नका.

पंखा-फ्रिजला वेगळी बॅटरी असेल तर इंजिन बंद करून फ्रिज चालू ठेवा. गाडीच्या बॅटरीचा आकडापण सोबत उतरायला लागला तर मधला रिले (दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटलाय, तेवढाच बदला.