वस्तीतल्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन कसं चालवायचं

जय भीम, नमो बुद्धाय. आषाढ पौर्णिमा जवळ आली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, ताई आमच्याकडे विहार आहे पण १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि ६ डिसेंबर सोडलं तर कुलूपच असतं, वर्षावास सुरू करायचा तर काय काय लागतं. आमच्या वस्तीत जे करून बघितलं, जे चुकलं आणि जे जमलं तेच लिहितेय.

आधी हे की वर्षावास म्हणजे काय ते पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा, कारण बऱ्याच जणांना नुसतं "तीन महिने वाचन असतं" एवढंच माहिती असतं. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले की कोवळी रोपं आणि गवतातले जीव पायाखाली येतात अशी लोकांची तक्रार होती, म्हणून भगवंतांनी भिक्खूंना पावसाचे तीन महिने एका जागी राहायचा नियम घालून दिला. आणि सुरुवात होते ती आषाढ पौर्णिमा म्हणजे सारनाथला पाच भिक्खूंना पहिलं प्रवचन दिलं तो दिवस. आता प्रत्येक विहारात भंतेजी, म्हणजे भिक्खू, कुठून असणार, म्हणून आपल्याकडे उपासक-उपासिकांनीच आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज जमून बाबासाहेबांचा "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचायचा अशी पद्धत पडली आहे.

पंधरा दिवस आधी मीटिंग घ्या आणि त्यात पहिला विषय वेळेचा. वेळ ठरवताना बायकांना आधी विचारा, कारण रोज येणाऱ्यांत जास्त त्याच असतात आणि सातला चुलीपुढे असतात, साडेनऊला पोरं झोपतात. आमच्याकडे ८ ते ९ ठरलंय. खेडेगावात निंदणीहून यायला उशीर होतो तिथं साडेआठ धरा, पण एक तास म्हणजे एकच तास, आमच्याकडे ९ ला शेवटचं "भवतु सब्ब मंगलं" झालंच पाहिजे. आज ९, उद्या पावणेदहा असं झालं की सकाळी ड्युटी असणारे आठवड्यात यायचे बंद होतात.

दुसरी गोष्ट किल्ली. हसू नका, पहिल्या वर्षी आमची किल्ली एकाकडेच होती, त्याची सेकंड शिफ्ट लागली आणि आम्ही पंधरा-वीस जणी पोरं घेऊन शेजारच्या पत्र्याखाली पावसात उभ्या, शेवटी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी निम्म्याच आल्या. तेव्हापासून दोन किल्ल्या, विहाराला लागून असलेल्या दोन घरांत.

सामान फार लागत नाही. कोरड्या सतरंज्या, दारात पाय धुवायला बादली आणि पायपुसणं (चिखल आत आला की झाडणारीचा जीव जातो), लाइट गेली तर चार्जिंगची बॅटरी, मेणबत्ती-अगरबत्ती, फुलं कुणाच्या तरी अंगणातली. ग्रंथाच्या दोन प्रती ठेवा, एक वाचणाऱ्याला आणि एक उद्या वाचणाऱ्याला घरी न्यायला. माईक असला तर आवाज विहाराच्या भिंतीबाहेर जाता कामा नये, आजूबाजूला दहावीची मुलं अभ्यासाला बसलेली असतात.

वंदनेचा क्रम सोपा ठेवा: त्रिशरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं), पंचशील, बुद्धपूजा, त्रिरत्न वंदना, भीमस्मरण (बाबासाहेबांचं स्मरण). पंधरा मिनिटांत होतं. पाली तोंडात बसत नाही म्हणून लोक पुटपुटतात, त्यावर उपाय म्हणजे तोडून म्हणायचं, "पाणातिपाता, वेरमणी, सिक्खापदं, समादियामि", एकानं पुढं आणि सगळ्यांनी मागं, महिन्याभरात बसतं. आणि अर्थ सांगाच. पुप्फपूजेत आपण म्हणतो की हे फूल कोमेजतं तसंच हे शरीरही जाणार आहे, हे कळलं की पोरं फूल ठेवताना वेगळ्या तऱ्हेने ठेवतात, मी बघितलंय. पाचव्या शीलाचा, दारूचा, अर्थ सांगताना कुणाकडे बघून बोलू नका. एक जण प्यायचा, तो दाराबाहेर चपलांपाशी उभा राहून ऐकायचा, त्याला कुणी काही बोललं नाही म्हणून तो पुढच्या वर्षी आत येऊन बसला.

आता मेन मुद्दा, वाचणार कोण. पहिल्या वर्षी आम्ही एका निवृत्त गुरुजींना बसवलं. छान वाचायचे, उच्चार स्वच्छ, पण रोज तेच आणि आम्ही नुसते ऐकणार. गणपती येईपर्यंत आम्ही आठ जण उरलो होतो. दुसऱ्या वर्षी घरोघरी पाळी लावली, ज्या घराची पाळी त्या घरातल्या कुणीही वाचायचं, अडखळत वाचलं तरी चालेल, मध्येच कुणी सुधारायचं नाही. गर्दी तिथून वाढली. आपली मुलगी वाचणार म्हटल्यावर तिची आई, आजी, मामी सगळ्या येतात, आणि वाचणारा आदल्या रात्री घरी तो भाग दोनदा वाचून येतो म्हणजे ग्रंथ घरात जातो. हे विहारात बसून नुसतं ऐकण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे असं मला वाटतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही पाळी द्या, मेणबत्ती पेटवायची, त्रिशरण पुढं म्हणायचं.

रोजचा भाग किती ते आधीच ठरवा. ग्रंथाचे आठ खंड आहेत आणि प्रत्येक खंडाचे भाग पाडलेले आहेत, तर एकूण पानं मोजायची, हातातले दिवस नव्वदच्या आसपास धरायचे, त्यातले आठ-दहा दिवस वजा करायचे आणि पेन्सिलीने खुणा करून ठेवायच्या. वजा करायचे कारण विसर्जनाच्या दिवशी वस्तीत ऐकूच येत नाही आणि दसऱ्याला अर्धी वस्ती दीक्षाभूमीला नागपूरला गेलेली असते. शेवटी घाई करून पानं उरकू नका, तत्त्वज्ञानाचे खंड तसेही जड जातात, तिथं रोज दोनच पानं घ्या.

वाचन वीस मिनिटं, बाकी वेळ बोलायला. सुरुवातीला कुणी बोलत नाही, म्हणून बौद्धाचार्यांनी (आपल्यातलेच, विधी लावणारे) किंवा ज्यांना माहिती आहे त्यांनी भाषण न देता एक साधा प्रश्न टाकायचा. पहिल्या खंडात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण येतं आणि सिद्धार्थ युद्धाला विरोध करून घर सोडतात. इथं कुणीतरी हमखास म्हणतं, आम्ही तर म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून गेले असं ऐकलंय. मग बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच काय विचारलंय ते काढून दाखवा, की एकोणतीस वर्षांच्या माणसाला ही दृश्यं त्याआधी कधी दिसलीच नसतील का. आमच्याकडे त्या दिवशी टँकरच्या रांगेतल्या भांडणापर्यंत गोष्ट गेली, आणि ज्या दोन घरांचं पाण्यावरून बोलणं बंद होतं ती दोन्ही घरं तिथंच बसलेली होती. कुणी नाव घेतलं नाही. पण सगळे गप्प झाले होते.

दुसऱ्या खंडात सुनीताची गोष्ट येते, राजगृहात रस्ते झाडणारा. बुद्ध समोरून येताना बघून त्याला लपायला जागा मिळत नाही, तो भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहतो आणि बुद्ध स्वतः त्याच्याजवळ जाऊन त्याला संघात घेतात. त्या दिवशी सातवीतली मुलगी वाचत होती. आमच्यात एक आजी आहेत, सगळा जन्म नगरपालिकेत झाडू मारला, त्या मागून म्हणाल्या, "भिंतीला चिकटला ते परत वाच गं." तिनं परत वाचलं. मग आजी बोलायला लागल्या, कुठल्या गल्लीत बाई वरून पाणी ओतायची, कुठं प्यायला पाणी मागितलं तर काय व्हायचं, असं वीस मिनिटं. त्या मुलीनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि ऐकत बसली. उरलेला भाग दुसऱ्या दिवशी घेतला. असं होतं तेव्हा घड्याळ बघू नका, एक तासाचा नियम मीच सांगितलाय पण तो अशा दिवशी मोडला तर चालतो.

भंतेजींना महिन्यातून एकदा, शक्यतो पौर्णिमेला बोलवा. लक्षात ठेवायचं एवढंच की भोजनदान दुपारी १२ च्या आत झालं पाहिजे, म्हणजे साडेदहाला ताट तयार हवं, भाषणं-सत्कार नंतर. बसायला आसन थोडं उंच, त्यावर पांढरं कापड. ज्यांना जमतं ते त्या दिवशी पांढरे कपडे घालून अष्टशील, म्हणजे एका दिवसापुरती आठ शीलं, घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत, पण शुगर-बीपीवाल्यांना आग्रह करू नका. चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्र देणं, मात्र भिक्खूंनी जिथं वर्षावास केला त्या विहारात होतं, तिथं आपण जायचं.

पैशाचं, वर्गणी लावायची गरज पडत नाही. जे येईल आणि जे जाईल ते फळ्यावर लिहा, रोज, दहा रुपये असले तरी. भांडणं तिथूनच सुरू होतात.

समारोपाला खीरदान. आमच्याकडे १५० लोकांना २५ लिटर दूध, अडीच किलो तांदूळ आणि साडेतीन किलो साखर पुरते. तांदूळ भिजवून जाडसर भरडायचे, आणि पातेल्यापाशी एक माणूस फक्त ढवळायला, कारण एकदा बुडाला लागली की करपल्याचा वास सगळ्या खिरीला येतो. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांची नावं त्या दिवशी घ्या, लहान मुलांना वही-पेन द्या.

आणि समारोपाच्या आधीच फळ्यावर रविवारच्या वर्गाची वेळ लिहून टाका. नंतर ठरवू म्हटलं की विहार परत एप्रिलपर्यंत बंद राहतो. आमचा वर्ग सकाळी ९ ला असतो, ती सातवीतली मुलगी आता दहावीत आहे आणि लहान मुलांना त्रिशरण तीच शिकवते, एक किल्लीही तिच्या घरी आहे.