मेणात ग्राफाइट घालताय? या चुका टाळा

उष्णता साठवायला मेण-ग्राफाइटचा डबा बनवतात ना, तसा माझा पहिला डबा आठवला की अजून हसू येतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरून ग्राफाइट पावडर आणली, वितळलेल्या मेणात चमच्याने ढवळली, रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी सुरीने वडी कापली तर वर पांढरंशुभ्र मेण आणि तळाला बोटभर काळा गाळ. होणारच ना, ग्राफाइटची घनता २.२ च्या आसपास, वितळलेल्या मेणाची ०.८ पण नाही, मग ते तरंगणार कसं?

ग्राफाइट म्हणजे कार्बनच, तो घालायचा कशाला, तर पॅराफिन मेण वितळताना किलोमागे साधारण २०० किलोज्यूल उष्णता पोटात ठेवतं पण कंडक्टिव्हिटी, म्हणजे उष्णता वाहून न्यायची ताकद, जेमतेम ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन, म्हणजे कडेचं वितळून पाणी झालं तरी मधलं ढिम्म. सगळ्यांना वाटतं जास्त कार्बन टाकला की काम झालं. पण उष्णता धावते ती कणाला कण चिकटून जाळं झालं तरच, सुटे सुटे कण मेणात पोहत असतील तर कितीही टाका, फरक किरकोळ. म्हणून नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिबारीक नळ्या) नादाला पण लगेच लागू नका, एकेक नळी भन्नाट असते पण नळी आणि मेणाच्या सांध्यावर उष्णता अडते, आणि खिसा रिकामा होतो तो वेगळाच.

स्वस्तात मस्त म्हणजे एक्सपांडेड ग्राफाइट. हे किड्यांसारखं फुललेलं, एवढं हलकं की दहा ग्रॅम घेतलं तरी मोठा डबा भरतो. मग मी काय केलं, नीट मिसळायला म्हणून मिक्सरमधून फिरवलं! सगळे किडे तुटून परत पावडर, जाळ्याची वाट लागली, वर आईच्या शिव्या कारण भांड्याची काजळी आठवडाभर निघेना. फिरवायचं नाहीच. मेण आणि ग्राफाइट दोन्ही ७०-८० डिग्रीला ठेवा, मेण हळूहळू ओता, दोन-तीन तास तसंच मुरू द्या, ते आपोआप आत शोषलं जातं, मग पोहे कालवतो तसं हलक्या हाताने वरखाली करा. आणि मेण थेट गॅसवर नाही, टोपात पाणी घेऊन त्यात डबा ठेवून गरम करा. न फुललेलं ग्राफाइट आणून घरच्या मायक्रोवेव्हमध्ये फुलवायचे व्हिडिओ दिसतात, ते अजिबात करू नका, त्यात बऱ्याचदा सल्फ्युरिक ॲसिड मुरवलेलं असतं, ठिणग्या पण उडतात आणि घशात जाणारा धूर पण होतो.

वडी दाबून करताय? मग दिशा बघा. दाबल्यावर ग्राफाइटचे थर आडवे होतात आणि उष्णता थरांच्या बाजूने मस्त जाते पण दाबलेल्या दिशेने तेवढी नाही. वडी चुकीच्या दिशेने बसवली तर सगळी मेहनत पाण्यात.

टेस्टिंगला लोक फक्त वितळायला किती वेळ लागला ते बघतात. साधं मेण वितळलं की आत आपोआप घुसळतं, त्याने पण उष्णता पसरते, आणि ग्राफाइट हे घुसळणं थांबवतं, त्यामुळे वितळताना फरक कमी वाटतो आणि गोठताना खरा दिसतो. दोन्ही वेळा मोजा, शेजारी साध्या मेणाचा डबा ठेवून, आणि थर्मोकपल (तापमान मोजायची तार) मधोमध, भिंतीला टेकवून नाही. १० टक्के ग्राफाइट म्हणजे साठवण २०० ची १८० झाली हे पण हिशोबात धरा, २५ टक्के टाकून मग डबा कमी वेळ का टिकतो म्हणून डोकं धरायचं नाही.

अजून एक, २८ डिग्रीचं मेण मे महिन्यात मुंबईत रात्री पण धड गोठत नाही, बाल्कनीत टेस्ट करताय तर वितळणबिंदू जरा वरचा घ्या. मेणाऐवजी मीठवाले हायड्रेट (पाणी धरून ठेवलेले क्षार) वापरत असाल तर ते पावसाळ्यात उघडे ठेवू नका, हवेतलं पाणी ओढून काही काही पार पातळ होतात, आणि त्यांच्यात तेलकट ग्राफाइट पटकन भिजत पण नाही.

डबा काठोकाठ भरू नका, मेण वितळताना दहाएक टक्के फुगतं. आणि बॅटरीजवळ वापरणार असाल तर मध्ये इन्सुलेशन हवंच, ग्राफाइट करंट पण वाहून नेतं, माझा एक सेल असाच गरम होऊन गेलाय.