पाय काढला तरी रेस उतरत नाही

ट्यूनिंग शिकायला आलेली मुलं ही तक्रार ऐकली की आधी लॅपटॉप उघडतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर आरपीएम पंधराशेवर लटकतो, मग रेंगाळत आठशेवर येतो. म्हणजे मॅपच (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले पेट्रोल-टायमिंगचे तक्ते) बिघडलाय, असा त्यांचा समज. मी लॅपटॉप मिटायला लावतो. क्लच दाबलेला असताना इंजिन वर टिकतं ते बहुधा दोनच कारणांनी: त्याला जास्त हवा मिळतेय, नाहीतर तेवढ्याच हवेतून इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जास्त जोर काढतंय. आधी हवा शोधा.

केबलची गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप) हाताने उघडा आणि सोडा. प्लेट खटकन मिटली पाहिजे आणि मिटल्यावर केबलला जरासा ढिलेपणा हवा. कडेला काजळी असेल तर साफ करा. पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये चावी ऑन असताना बोट घालू नका, मोटर दयामाया करत नाही. साफ केल्यावर आयडल (पाय न देता इंजिन चालतं तो आरपीएम) उलट वाढू शकतं, कारण ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) जुना हिशेब काजळी धरून शिकलेला असतो. री-लर्न केलं, म्हणजे त्याला तो हिशेब नव्याने शिकवला, की ते बसतं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला मात्र हात लावू नका. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये तो मुख्यतः प्लेट बोअरमध्ये अडकू नये म्हणून असतो, आयडल जुळवायला नाही. हा स्क्रू फिरवून आलेली गाडी मला सगळ्यात त्रासदायक वाटते, कारण मग मूळ दोष कोणता आणि नंतर घातलेला कोणता, हेच कळत नाही.

पुढे व्हॅक्यूम लीक, म्हणजे थ्रॉटलला वळसा घालून आत शिरणारी चोरटी हवा. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरची होज, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. इथे नवे लोक फ्युएल ट्रिमवर (मिश्रण बरोबर ठेवायला ईसीयू पेट्रोलमध्ये करतो त्या वाढ-घटीवर) डोळे मिटून विश्वास ठेवतात. आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाडीत चोरटी हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं, आयडलला ट्रिम बरीच प्लसमध्ये जाते आणि अडीच हजार आरपीएमला कमी होते. फक्त मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयूला वाढलेला दाब दिसतो, तो पेट्रोलही वाढवतो; ट्रिम जवळपास ठीक आणि आयडल मात्र वर. म्हणून स्मोक टेस्टच (इनटेकमध्ये धूर भरून तो कुठून निघतो ते पाहणं) बरी. गरम एक्झॉस्टजवळ क्लीनर फवारून लीक शोधणं म्हणजे आगीशी खेळ.

हे सगळं निर्दोष निघालं की लॅपटॉप. टार्गेट आयडल, खरा आरपीएम, आयडल व्हॉल्व्हची ड्यूटी (तो किती उघडा आहे) किंवा थ्रॉटलचा कोन, एमएपी, टायमिंग आणि गाडीचा वेग एकत्र लॉग करा. व्हॉल्व्ह आधीच किमान पातळीवर आहे आणि आरपीएम तरी वर, तर हवा अजून कुठूनतरी येतेय किंवा टायमिंग ढकलतंय. आयडलच्या खान्यात टायमिंग बारा अंश आणि शेजारच्या पंधराशेच्या खान्यात तीस, असा टेबल असला तर इंजिन स्वतःलाच वर धरून ठेवतं. तिथला चढ सौम्य करा. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये टायमिंग पुढे सारणाऱ्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या की हेच होतं.

ड्यूटी हळूहळू उतरत असेल तर तो सॉफ्टवेअरमधला डॅशपॉट, म्हणजे पाय काढल्यावर हवा हळूहळू कमी करणारी सोय. तो थोडा थोडा कमी करा आणि दर वेळी थंड इंजिन, एसी चालू, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा सगळ्या अवस्थांत क्लच दाबून पाहा. जास्त कापला की सिग्नलला गाडी बंद पडते, आणि ग्राहकाला लटकणारी रेस एकवेळ चालते, ही नाही.

कंपनीचाच मॅप असेल तर उभ्या आणि चालत्या गाडीचे लॉग शेजारी ठेवा. थ्रॉटल एकदम मिटलं की मॅनिफोल्डच्या भिंतीवरचं पेट्रोल वाफ होऊन न जळता बाहेर पडतं. म्हणून उत्सर्जनाच्या नियमांसाठी काही कंपन्या थ्रॉटल मुद्दाम सावकाश मिटवतात, आणि काही ईसीयू वेगाचा सिग्नल येतोय तोवर आयडल थोडं वर धरतात. उभ्या गाडीत आरपीएम झटकन बसतो आणि फक्त गिअर बदलताना लटकतो, तर काही न खोलता ग्राहकाला लॉग दाखवा आणि चावी परत द्या.